एईजी कावाशिमा : तिसऱ्या नंबरचा कीपर

पेनल्टीबॉक्स

जपानी फुटबॉलचा विषय निघाला की नाकाता, होंडा, कागावा, फार तर मितोमा, इथवर गाडी येते आणि थांबते. गोलकीपरचं नाव कुणी घेत नाही. घेतलंच तर २०१८च्या वर्ल्डकपमधल्या सेनेगल सामन्यात मुठींनी चुकीच्या ठोसलेल्या त्या बॉलमुळे. म्हणून हा धागा एईजी कावाशिमावर.

चार वर्ल्डकपच्या संघांत होता. त्यातल्या तीनमध्ये जपानचा एकूण एक सामना तोच खेळला, म्हणजे ११. देशासाठी एकूण ९५. आकडे तगडे आहेत, पण मला लिहायचंय ते आकड्यांच्या मधल्या रिकाम्या जागांबद्दल. हा माणूस कारकिर्दीची कितीतरी वर्षं क्लबात दुसरा किंवा तिसरा कीपर होता, आणि माझं म्हणणं असं की तो खरा घडला तो तिथेच.

जन्म १९८३चा, सायतामा प्रांतातला. २००१मध्ये ओमिया आर्दिजामधून सुरुवात. त्या सुरुवातीच्या दिवसांत इटलीत पार्मा क्लबात सरावाला जाऊन आला आणि तेव्हापासून भाषांच्या नादी लागला. २००४ला नागोयाला गेला. तिथे गोलमध्ये कोण? सेइगो नाराझाकी, राष्ट्रीय संघाचा कीपर. तीन हंगाम तिथे काढले आणि त्यातला बराचसा वेळ बाकावर. एखादा वैतागून गेला असता. २००७ला कावासाकी फ्रोंताले मिळाल्यावर मात्र मागे वळून पाहिलं नाही. २००८ आणि २००९ ला कावासाकी लीगमध्ये दुसरे आले, २००९च्या जे लीगच्या सर्वोत्तम अकरामध्ये कावाशिमा होता.

आता २०१०. वर्ल्डकप तोंडावर आलेला आणि जपानचा संघ पार ढेपाळलेला. मे महिन्यात घरच्या मैदानावर, सायतामात, दक्षिण कोरियाकडून ०-२. प्रशिक्षक ताकेशी ओकादांच्या हकालपट्टीची चर्चा. सहा दिवसांनी ऑस्ट्रियात ग्राझला इंग्लंडविरुद्ध सराव सामना होता. ओकादांनी नाराझाकीला बसवलं आणि त्याच नाराझाकीच्या मागे तीन हंगाम घासलेल्या पोराला गोलमध्ये उभं केलं. लॅम्पार्डची पेनल्टी त्याने अडवली. सामना जपान १-२ हरलं, तेही स्वतःच्याच दोन बचावपटूंनी, तुलिओ आणि नाकाझावाने, आपल्याच जाळ्यात बॉल मारल्यामुळे. पण जागा त्या दिवशी बदलली ती बदललीच.

दक्षिण आफ्रिकेत कॅमेरूनवर १-०, हॉलंडकडून ०-१ (स्नायडरचा तो फटका हाताला लागून आत गेला, जोर एवढा होता), डेन्मार्कवर ३-१. डेन्मार्कच्या सामन्यात टोमासनची पेनल्टीही त्याने अडवली होती, परत आलेल्या बॉलवर टोमासननेच गोल केला म्हणून लोक विसरतात. पॅराग्वेशी १२० मिनिटं ०-०, मग शूटआउटमध्ये कोमानोचा फटका बारवर आणि खेळ खलास.

२०११चा आशिया कप हा त्याचा सगळ्यात गाजलेला महिना. सीरियाविरुद्ध लाल कार्ड, पुढच्या सामन्यात बंदी. परत आला आणि उपांत्य फेरीत कोरियाविरुद्ध शूटआउटमध्ये पहिल्या दोन्ही पेनल्ट्या अडवल्या, तिसरी बाहेर गेली. ३-०. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने, विशेषतः हॅरी क्यूएलने, त्याला घाम फोडला, पण तो हलला नाही आणि जादा वेळेत तादानारी लीच्या व्हॉलीवर जपानने कप नेला.

एव्हाना तो बेल्जियमला पोहोचलेला होता. लिएर्स दोन हंगाम, मग स्टँडर्ड लिएज. २०१४चा वर्ल्डकप जपानसाठी फसला, त्याच्यासाठीही. मग स्टँडर्डमध्ये जागा गेली, २०१५च्या उन्हाळ्यात करार संपला आणि पुढचे कित्येक महिने हातात क्लबच नव्हता. वय ३२. शेवटी स्कॉटलंडच्या डंडी युनायटेडने घेतलं, तो क्लब त्याच हंगामात खालच्या श्रेणीत गेला. २०१६ला फ्रान्सच्या मेट्झने घेतलं ते तिसरा कीपर म्हणून.

माझ्या मते गोष्ट इथून सुरू होते. मार्च २०१७. अल ऐनला यूएईविरुद्ध वर्ल्डकप पात्रता सामना. आदल्या वर्षी याच यूएईने जपानला घरात येऊन हरवलं होतं, म्हणजे दडपण भरपूर. प्रशिक्षक वाहिद हालिलहोजिचनी नेहमीचा कीपर निशिकावाला बसवलं आणि कावाशिमाला उतरवलं. फ्रेंच लीगमध्ये तोवर एक मिनिटही न खेळलेला माणूस! जपानी पत्रकार चक्रावले. पहिल्या अर्ध्यात अली मबखूत एकटा समोर आला, बरोबरीचा गोल ठरलेलाच होता. कावाशिमा घाईने खाली गेला नाही. पाय रोवून उभा राहिला, अंग मोठं केलं आणि बॉल त्याच्या अंगावर आदळला. जपान २-० जिंकलं. पुढच्याच महिन्यात मेट्झनेही त्याला उतरवलं आणि पदार्पण कुणाविरुद्ध, तर पॅरिस सेंट जर्मेन. २-३ हरले, निर्णायक गोल अगदी शेवटच्या क्षणी मातुइदीचा. पण हंगाम संपेस्तोवर गोल त्याच्याकडे राहिला आणि मेट्झ वाचलं. फ्रान्सच्या पहिल्या श्रेणीत खेळलेला हा पहिला जपानी गोलकीपर.

२०१८, स्ट्रासबुर्ग वगैरे पुढे चर्चेत येईलच. सुरू करा.

रांगडा_गोली

लई भारी धागा भावा. आमच्यात कीपरवर लिहिणारा पहिलाच बघतोय. शाहू स्टेडियमवर गोल वाचवला तर 'नशीब' आणि खाल्ला तर घरापर्यंत उद्धार, हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळंल.

त्या मबखूतच्या बॉलबद्दल एक सांगतो. एकटा फॉरवर्ड समोर आला की कीपरचा पहिला मोह खाली झोपायचा असतो. झोपला की संपला, वरनं टाकतोय की तो. उभं राहायला सरावापेक्षा छाती लागते. आणि महिनोन् महिने सामना न खेळलेल्या माणसाला तर अंतराचा अंदाजच राहत नाही. फटका किती जोरात येतोय ते सरावात कळतं, पण गर्दीतनं बॉल कधी सुटंल ते फक्त सामन्यातच कळतं. म्हणून ते विशेष.

शंकासूर

लेख आवडला, पण भक्तिभाव जरा जास्त झालाय. २०१८ 'पुढे चर्चेत येईलच' म्हणून सोडून दिलंत, मीच आणतो.

१) कोलंबिया. किंतेरोची फ्री किक. समोर भिंत करून उभ्या खेळाडूंनी उडी मारली, बॉल खालून गेला, ठीक. पण कावाशिमा उशिरा पोहोचला, बॉल रेषेच्या आतून ओढून बाहेर काढला आणि वर 'गोल नाहीच' म्हणून हात नाचवत बसला. गोललाइन तंत्रज्ञानाने तिथल्या तिथे तोंडावर पाडलं.

२) सेनेगल. साबालीचा साधा सरळ फटका. छातीशी धरायचा बॉल याने दोन्ही मुठींनी ठोसला, तो समोर उभ्या मानेच्या पायाला लागून आत. शाळेतली पोरंही हसतील.

३) बेल्जियम. वेर्तोंगेनचं हेडर. एवढ्या लांबून, एवढा उंच गेलेला बॉल डोक्यावरून जाऊ द्यायचा?

चार सामन्यांत तीन ढोबळ चुका. 'बाकावर बसून घडला' हे ऐकायला छान आहे, पण बाकावर बसून गंजतोही माणूस. आणि २०२२ला ३९व्या वर्षी तिसरा कीपर म्हणून नेलं तेव्हा एका तरुण पोराची जागा गेलीच की नाही?

पेनल्टीबॉक्स

शंकासूर, सेनेगलच्या गोलात त्याची बाजू कुणीच घेऊ शकणार नाही, मीही नाही. :)

किंतेरोचं पन्नास टक्के मान्य. वेर्तोंगेनचं मात्र नाही. तो मुळात क्रॉस होता की गोलवर मारलेला हेडर हे वेर्तोंगेनलाही ठाऊक नसावं. कावाशिमा जवळच्या खांबाकडून सरकत होता, बॉल पलीकडच्या कोपऱ्यात उतरला. त्याच सामन्यात ८६व्या मिनिटाला शादली आणि लगेच लुकाकू, लागोपाठ दोन हेडर त्याने काढले, ते तुमच्या यादीत नाहीत.

शिवाय मधला पोलंडचा सामना तुम्ही अलगद गाळलात. सेनेगलनंतर जपानी माध्यमांनी त्याला सोलून काढला होता. त्याला काढा अशी मागणी उघड चालू होती. प्रशिक्षक निशिनोंनी पोलंडविरुद्ध सहा बदल केले, कीपर ठेवला. वर नेहमीचा कॅप्टन हासेबेला विश्रांती दिली म्हणून कॅप्टनचा पट्टाही कावाशिमाच्या दंडावर बांधला! ३२व्या मिनिटाला ग्रोसित्स्कीचं हेडर खांबाजवळ, जवळपास रेषेवर. उजवीकडे झेपावून एका हाताने बाहेर खरवडून काढलं. पुन्हा गोललाइन तंत्रज्ञान, या वेळी त्याच्या बाजूने. जपान तो सामना ०-१ हरलं आणि पिवळी कार्डं कमी म्हणून पुढे गेलं, सेनेगल घरी गेलं. गुण समान, गोलफरक समान. ते हेडर आत गेलं असतं तर?

मावळतीचा_सूर्य

शेवटच्या दहा मिनिटांत आपसात पास देत बसले होते तोच ना सामना? पोलंडलाही घाई नव्हती आणि प्रेक्षक शिट्ट्या घालत होते. मला फार लाजिरवाणं वाटलं होतं ते. बाकी चालू द्या, वाचतेय.

लिएजवासी

बरीच वर्षं बेल्जियममध्ये आहे म्हणून थोडी भर.

पेनल्टीबॉक्स यांनी लिएर्सचा काळ एका ओळीत उरकला, पण इथल्या लोकांना कावाशिमा आठवतो तो मुख्यतः ऑगस्ट २०११मुळे. जेर्मिनाल बेर्सखोतविरुद्ध सामना होता. लिएर आणि अँटवर्प शेजारशेजारची गावं, खुन्नस जुनी. बेर्सखोतच्या प्रेक्षकांच्या एका गटाने त्याच्या गोलमागून 'कावाशिमा, फुकुशिमा' असा घोष सुरू केला. त्सुनामी आणि अणुभट्टीच्या दुर्घटनेला जेमतेम पाच महिने झालेले. तो थेट रेफरीकडे गेला, सामना काही मिनिटं थांबला. शेवटी मैदान सोडताना तो रडत होता. स्वतःबद्दल काहीही ऐकून घेईन, पण यावर विनोद चालणार नाही, अशी त्याची भूमिका होती. पुढे बेर्सखोत क्लबला दंड झाला.

वर्षभराने पुन्हा तेच, या वेळी फ्रेंच टीव्हीवर. ऑक्टोबर २०१२, जपानने पॅरिसमध्ये फ्रान्सला १-० हरवलं. कागावाचा गोल, आणि त्याआधी तासभर कावाशिमाने एकट्याने किल्ला लढवलेला. एका कार्यक्रमात त्याचा चार हातांचा फोटो दाखवून 'फुकुशिमाचा परिणाम' म्हणून खिल्ली उडवली. जपान सरकारने निषेध नोंदवला, वाहिनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. आणि चार वर्षांनी हाच माणूस फ्रान्समध्येच खेळायला गेला!

भाषेचं म्हणाल तर लिएर डच भाषेचा मुलूख, लिएज फ्रेंच. जेमतेम शंभर किलोमीटर अंतर, पण बचावफळीला हाका मारायची भाषाच बदलते. फॉरवर्डला मुकेपणा परवडतो, कीपरला नाही. इंग्रजी, इटालियन, डच, फ्रेंच आणि आणखीही एकदोन भाषांत त्याचं काम भागतं म्हणतात. फ्रेंचमधल्या त्याच्या मुलाखती मी ऐकल्यात, उच्चार जपानी पण अडखळत नाही.

जुनं_ते_सोनं

कावाशिमा थोर, पण आमचा देव योशिकात्सु कावागुची. अटलांटा ऑलिंपिक १९९६, मायामीत जपान १ ब्राझील ०. समोर रोनाल्डो, बेबेतो, रोबेर्तो कार्लोस. ब्राझीलने गोलवर तोफखाना उघडला होता आणि हा पाच फूट अकराचा माणूस मांजरासारखा उड्या मारत होता.

आणि २००४चा आशिया कप, चोंगचिंग, जॉर्डनविरुद्ध शूटआउट. एका टोकाची माती एवढी सुटलेली की नाकामुरा आणि अलेक्स दोघांचे पाय घसरून फटके आभाळात. कॅप्टन मियामोतो रेफरीकडे गेला, इंग्रजीत वाद घातला आणि चालू शूटआउटमध्ये गोलचं टोक बदलून घेतलं. असं दुसरं उदाहरण मी पाहिलेलं नाही. पुढे कावागुचीने एकामागून एक अडवले आणि जपान ४-३ जिंकलं. पुढे तो कपही त्यांचाच.

चार वर्ल्डकप त्याचेही आहेत, नाराझाकीचेही. २०१०ला कावागुची तिसरा कीपर होता आणि संघाचा कॅप्टनही. खेळायचं नाही हे ठाऊक असताना खास पोरांना सांभाळायला नेलेला. शंकासूर, २०२२च्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. जपानला या प्रकाराची सवय आहे. ग्राझला कावाशिमा गोलमध्ये उतरला तेव्हा बाकावर कोण बसले होते बघा: नाराझाकी आणि कावागुची. दोघांनीही त्याला वाऱ्यावर सोडलं नाही.

शंकासूर

सवय आहे म्हणून बरोबर ठरत नाही, काका. पण कावागुचीचा मुद्दा घेतला. पोलंडचं हेडर आत्ता पुन्हा पाहिलं. ठीकच आहे, जबरदस्त आहे.

नवशिकी

बाळबोध प्रश्न, हसू नका. तिसरा कीपर करतो काय नक्की? दोघांना दुखापत होईल ही शक्यता किती?

रांगडा_गोली

हसायचं काय त्यात. कीपर लोकांचा सराव बाकी संघापासून बाजूला चालतो. तीन कीपर आणि एक कोच, एवढंच बिऱ्हाड. एक गोलमध्ये, दुसरा फटके मारतोय, तिसरा मध्ये उभा राहून बॉल दिसू देत नाही, मग आळीपाळीनं अदलाबदल. पहिल्या कीपरचा दर्जा उरलेल्या दोघांवर ठरतोय. तिसऱ्यानं तोंड पाडून काम केलं की तिघांचा सराव बोंबलला. वर सगळा संघ थकून निघाला की फॉरवर्डांना जादाचे फटके मारायचे असतात, त्यांच्यापुढं उभा कोण राहणार? तिसराच. रविवारी टाळ्या दुसऱ्याला.

शिवाय सामन्यात उतरलेला नसताना रागावायचा हक्क ज्याला असतो असा माणूस संघात एकच असतोय. चूक झाली की तो बोलला तर पोरं ऐकतात, कारण त्याला कुणाची जागा खायची नसते.

पेनल्टीबॉक्स

गोलीभाऊंनी माझ्या लेखापेक्षा नेमकं सांगितलं. स्ट्रासबुर्गचं उदाहरण याला चपखल बसतं. २०१८ला मेट्झ खालच्या श्रेणीत गेलं, कावाशिमा ३५चा, चांगला वर्ल्डकपही नाही झालेला. स्ट्रासबुर्गने घेतलं, पुन्हा तिसरा. पहिला बेल्जियन मात्झ सेल्स. पहिले दोन हंगाम लीगमध्ये जवळपास काहीच नाही. मधेच २०१९च्या कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेला जपानने त्याला बोलावलं, कारण तरुण पोरांचा संघ पाठवला होता आणि सांभाळायला कुणीतरी हवं होतं. चिलीने ४-० धुतल्यावर पुढचे दोन सामने त्याला दिले. उरुग्वेशी २-२, इक्वेडोरशी १-१. मग २०२०ला सेल्सचा टाचेमागचा अकिलीस टेंडन गेला. ३७ वर्षांचा कावाशिमा त्या हंगामात फ्रान्सच्या पहिल्या श्रेणीत २४ सामने खेळला! सेल्स बरा होऊन आल्यावर पुन्हा मुकाट बाकावर. आणखी दोन हंगाम.

मांडवीकाठ

कीपरचा विषय आणि गोंयकार गप्प बसणार? आमचे ब्रह्मानंद शंखवाळकर. भारताचे कॅप्टन, अर्जुन पुरस्कार, २०२२ला पद्मश्री. तीही इतक्या उशिरा. कीपरला सगळीकडे रांगेत शेवटी उभं करतात.

आणि २०११च्या ज्या आशिया कपात कावाशिमाने कोरियाच्या पेनल्ट्या काढल्या, त्याच स्पर्धेत आपला सुब्रत पॉल त्याच कोरियापुढे उभा होता. आपण १-४ हरलो, पण त्याने इतके फटके काढले की स्कोअर वाचून खरं वाटणार नाही. कोरियन खेळाडूंनीही कौतुक केलं होतं. १३ गोल खाऊन स्पर्धेत नाव कमावणारा दुसरा कीपर दाखवा.

पुणेरी_कट्टा

(अवांतर) जपानी खेळाडूंचं कौतुक पुण्याला नवीन नाही. पुणे एफसीचा अराता इझुमी विसरलात? जपानात जन्मलेला, वडिलांकडून भारतीय. जपानी नागरिकत्व सोडून भारताकडून खेळला. बालेवाडीला आम्ही घसा फोडून ओरडलोय त्याच्यासाठी. असो, कीपर नव्हता म्हणून गप्प बसतो.

लिएजवासी

आणखी एक धागा जोडतो. आता जपानच्या गोलमध्ये झिऑन सुझुकी आहे. वडील घानाचे, आई जपानी, जन्म अमेरिकेत आणि वाढला सायतामात, म्हणजे कावाशिमाच्याच प्रांतात. बेल्जियममध्ये सिंट-ट्रुईडेनकडून खेळला, २०२४ला पार्माला गेला. २०२४च्या सुरुवातीला कतारमधल्या आशिया कपात त्याच्याकडून चुका झाल्या तेव्हा इंटरनेटवर वर्णावरून इतकं घाण बोलले की त्याला जाहीरपणे थांबवायची विनंती करावी लागली. पोरगा अवघा एकवीस वर्षांचा होता तेव्हा. कावाशिमाने बेल्जियममध्ये परक्यांकडून ऐकलं, याने आपल्याच लोकांकडून. तरी पुढे इटलीच्या पहिल्या श्रेणीत खेळणारा पहिला जपानी कीपर झालाच.

जुनं_ते_सोनं

४३व्या वर्षी वर्ल्डकप खेळलेला कीपर तुम्हाला आठवतो का? कोलंबियाचा फारिद मोंद्रागोन, २०१४. शेवटच्या पाचेक मिनिटांसाठी सन्मान म्हणून उतरवला आणि तेव्हाचा सर्वांत वयस्कर वर्ल्डकप खेळाडू झाला. समोर कोण होतं? जपानच. पलीकडच्या गोलमध्ये चार गोल खाऊन उभा होता एकतीस वर्षांचा कावाशिमा.

शंकासूर

आता तुम्ही लोक मला रडवणार. सध्या करतो काय तो?

पेनल्टीबॉक्स

२०२४ला जपानला परतला, जुबिलो इवाताकडे. या वेळी तिसरा वगैरे नाही, ४१व्या वर्षी पहिला कीपर, बहुतेक सामने तोच खेळला. क्लब मात्र दुसऱ्या श्रेणीत गेला, डंडी आणि मेट्झनंतर हे तिसरं दुःख. आणि काका, तुमच्यासाठी खास: इवाताला गेला तेव्हा तिथला गोलकीपिंग कोच होता योशिकात्सु कावागुची.

जुनं_ते_सोनं

काय सांगता! म्हणजे २०१०च्या तीन कीपरांपैकी दोघं पुन्हा एका मैदानावर. नाराझाकीलाही बोलवा म्हणावं, सरावाला तिसरा लागतोच.

रांगडा_गोली

नाराझाकी आला तर तिसरा कोण हे आधी ठरवा. :)